कॅज्युअल्टीत पहिली पोस्टिंग? चिठ्ठी नंतर वाचा, पेशंट आधी बघा

नवीन बॅच आली की कुणीतरी विचारतंच, मॅडम, रेअर केसेस कशा ओळखायच्या, एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं. मी उपनगरातल्या एका म्युनिसिपल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत तीन वर्षं काढलीत. खरं सांगू का, मी ज्या ज्या केसेस चुकवल्या किंवा चुकवता चुकवता वाचले, त्या सगळ्यांना माझ्यापर्यंत येण्याआधीच कुणीतरी नाव देऊन ठेवलं होतं. चिठ्ठीवर ‘ॲसिडिटी’, नातेवाईक म्हणतायत ‘लकवा मारला’, आधीच्या शिफ्टवाला म्हणतो ‘अगं दारू पिऊन पडलाय, सकाळी उठेल’. नाव एकदा चिकटलं की मग आपण त्या नावाचीच ट्रीटमेंट करत बसतो.

म्हणून हे लिहितेय. सगळा विषय यात नाही, फक्त मुंबईतल्या कॅज्युअल्टीत जे कमी दिसतं पण दिसलं की घड्याळ सुरू होतं तेवढंच. आणि डोस मी लिहिलेत म्हणून तसेच मारू नका, तुमच्या वॉर्डात प्रोटोकॉलचा कागद चिकटवलेला असतो त्याच्याशी ताडून घ्या आणि रजिस्ट्रारला (ड्युटीवरच्या सिनियर डॉक्टरला) फोन करा. रात्री तीनला फोन केला म्हणून रजिस्ट्रार चिडतात, चिडू देत.

१. ड्युटीला जाताना खिशात काय

पेन टॉर्च, ग्लुकोमीटर (स्ट्रिप्स संपलेल्या नाहीत ना ते घरीच बघा), बोटाचा ऑक्सिमीटर, कपडे कापायची कात्री, परमनंट मार्कर, युरिन प्रेग्नन्सीची दोन-तीन कार्डं, आणि दोन कोऱ्या काचेच्या टेस्टट्यूब. काचेच्याच. कशासाठी ते पुढे येतंय.

पहिल्याच दिवशी सिस्टरना दोन गोष्टी विचारून ठेवा. ईसीजीचा स्पेअर रोल कुठे असतो, आणि अँटिडोटच्या (विषावरच्या उताऱ्याच्या) कपाटाची चावी रात्री कुणाकडे असते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला पोस्टिंगच्या दुसऱ्या महिन्यात कळलं, तेही पेशंट समोर घरघरत असताना.

२. पहिली पाच मिनिटं, नाव काहीही असू दे

श्वास, ऑक्सिजन, बीपी, शुगर, ताप, ईसीजी. शुगर प्रत्येकाची, हो, प्रत्येकाची, पाय मुरगळलेला सोडून. आमच्याकडे दर शनिवारी दारू पिऊन येणारा एक कायमचा गिऱ्हाईक होता, मामा लोक (वॉर्डबॉय) त्याला बघितलं की स्ट्रेचर सरळ कोपऱ्यात लावायचे. एका रात्री तो नेहमीपेक्षा जरा जास्तच शांत होता म्हणून सहज बोट टोचलं तर शुगर २८. पंचवीस टक्क्यांचं डेक्स्ट्रोज आणि सोबत थायमिन दिलं, दहा मिनिटांत उठून मलाच शिव्या घालायला लागला, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

ताप मोजताना कपाळाला हात लावून ‘गरम नाही’ असं लिहू नका. थर्मामीटर शोधा, कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये असतोच.

३. कपडे काढा, कूस बदला, हात लावा

गर्दीत सगळ्यात जास्त हेच राहून जातं. पडदा लावा, सोबत सिस्टर किंवा मावशी उभी करा, आणि बघा. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आईसमोर ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतो, आईला बाहेर पाठवल्यावर कळतं दुखतंय ते वृषणात. पीळ पडला असेल तर हातात साधारण सहा तास असतात आणि त्यातले चार त्याने लाजण्यात घालवलेले असतात. सोनोग्राफीच्या रांगेत उरलेले दोन घालवू नका, आधी सर्जरीला कॉल लावा.

कोपरापाशी किंवा मनगटाशी हात ठेवून बघा. त्वचेखाली थरथर लागली तर तो डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा). बेशुद्ध किंवा गळाठलेल्या पेशंटमध्ये ही एक थरथर अर्ध निदान सांगून जाते, पाचव्या मुद्द्यात सांगते कसं.

४. पहाटेची पोटदुखी आणि डोळ्यांवर झापड: मण्यार

हे जरा सविस्तर सांगते, कारण इथे मी जवळजवळ चुकले होते.

जुलै महिना, पहाटेचे साडेपाच. आरेतल्या एका पाड्यावरून नऊ-दहा वर्षांचा मुलगा आला, रात्रीतून पोटात दुखतंय, दोन उलट्या. जवळच्या दवाखान्यातून ‘गॅस्ट्रायटिस’ची चिठ्ठी आणि एक इंजेक्शन घेऊनच आलेला. मीही पँटोप्राझोल लिहिलं, ऑब्झर्वेशनला टाकलं आणि चहा प्यायला वळले. फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘मॅडम, ह्याला झोप येतेय का ह्याच्या पापण्याच वर होत नाहीयेत?’

परत गेले. म्हटलं, बाळा, वर छताकडे बघ, बघतच राहा. दहापर्यंत मोजायच्या आत दोन्ही पापण्या निम्म्यावर आल्या. तोंडाच्या कडेला लाळ होती, गिळता येत नव्हती म्हणून ओघळलेली. डोकं उशीवरून उचल म्हटलं तर मान उचलेना. आईला विचारलं रात्री कुठे झोपला होता, म्हणाली खाली चटईवर, कुठे झोपणार. अंगावर चावल्याची खूण कुठेच नाही, टॉर्च घेऊन बोटांच्या बेचक्यात, कानामागे, केसांत सगळीकडे बघितलं. नव्हतीच. भूलतज्ज्ञ येऊन ट्यूब टाकेपर्यंत वीस मिनिटं गेली असतील आणि तेवढ्यात त्याचा आवाज नाकातून यायला लागला होता. अँटिव्हेनमच्या दहा व्हायल्स गेल्या, व्हेंटिलेटरवर सहा दिवस होता, चालत घरी गेला. मावशींना मी त्या दिवशी चहा-वडापाव दिला आणि तेव्हापासून मावशी काही म्हणाल्या की मी मागे वळून बघते.

तर लक्षात काय ठेवायचं:

मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात बारीक, दुखत नाही, सूज नाही, खूण दिसेलच असं नाही. पावसाळा, पहाट, पोटदुखी, खाली झोपणं, या चारातलं तीन जुळलं तरी पापण्या तपासा. एका श्वासात कितीपर्यंत मोजता येतं ते दर पंधरा मिनिटांनी बघा आणि आकडा कागदावर लिहा, आकडा खाली यायला लागला की ऑक्सिजन सॅच्युरेशन पडायची वाट बघू नका.

आपलं पॉलिव्हॅलेंट अँटिव्हेनम चार सापांवर आहे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. नॅशनल पार्कच्या बाजूला सापडणारा हिरवा चापडा त्यात नाही, समुद्री सापही नाहीत. सुरुवात दहा व्हायल्सने, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष सोडताना वजन काटा बघितलेला नसतो. स्किन टेस्ट करू नका, उपयोग नाही. अ‍ॅड्रिनॅलिन मात्र सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवा, रिअ‍ॅक्शन आली की मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत.

आता त्या काचेच्या टेस्टट्यूबचं. घोणस किंवा फुरशाची शंका असेल तर दोन मिली रक्त काढायचं, कोऱ्या कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घालायचं आणि वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही. मग एकदाच तिरकी करून बघायची. रक्त पातळ वाहिलं तर गोठण बिघडलंय. सापळा असा की प्लॅस्टिकची ट्यूब वापरली किंवा काचेची ट्यूब साबणाने धुतलेली असली तर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही, म्हणून दुसऱ्या ट्यूबमध्ये नातेवाइकाचं किंवा स्वतःचं रक्त घालून शेजारी ठेवा.

आणि एक भीतीदायक गोष्ट. मण्यारीचा पेशंट पूर्ण गळाला की बुबुळं हलत नाहीत, बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत, तो मेंदू गेल्यासारखा दिसतो, पण आत तो शुद्धीवर असू शकतो आणि तुम्ही बेडशेजारी काय बोलताय ते ऐकत असतो. व्हेंटिलेटर काढायच्या गप्पा तिथे मारू नका.

विंचवाचं इथेच उरकते. गावाहून, विशेषतः कोकणातून आलेला पेशंट, घामाने डबडबलेला, हातपाय थंडगार, बीपी वर, तर लाल विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि त्यावरच आज आपल्याकडे उपचार चालतात. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत.

५. ‘दोन्ही पाय गेले’ म्हणून आणलेला माणूस

गणपतीनंतरच्या आठवड्यात हा हमखास येतो. चिठ्ठीवर ‘लकवा’, सीटी स्कॅनची घाई. आमच्याकडे आलेल्या काकांचा हात धरला तर थरथर लागली. विचारलं तर, गावी गणपतीला गेले होते, एक डायलिसिस चुकलं, वर उकाडा म्हणून रोज शहाळं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि डायलिसिस चुकलं की ते रक्तात साचून पाय असे गळतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असेल तर गणपतीत ऐकतो कोण.

सीटीआधी ईसीजी. टोकदार उंच टी, पी वेव्ह गायब, क्यूआरएस रुंद, कधी कधी तर हार्ट अ‍ॅटॅकसारखाच दिसतो. असा ईसीजी असेल तर लॅबच्या रिपोर्टची वाट नाही बघायची. दहा टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट दहा मिली, मॉनिटर लावून, दोन ते पाच मिनिटांत हळू. पाच मिनिटांनी परत ईसीजी, बदल नसेल तर परत. मग इन्सुलिन ग्लुकोजबरोबर, साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन, आणि तोपर्यंत डायलिसिसवाल्यांना उठवा. कॅल्शियम पोटॅशियम कमी करत नाही, फक्त हृदयाला अर्धा-एक तास सांभाळतं. ईसीजी सुधारला म्हणून हुश्श करून बसलं आणि तासाने पेशंट परत सपाट झाला, असं मी शेजारच्या बेडवर होताना बघितलंय. इन्सुलिन दिल्यावर तासातासाने शुगर, हेही विसरतात.

६. ‘काहीतरी घेतलंय’

नातेवाईक सांगतात ‘ढेकणाचं औषध’, ‘उंदराचं औषध’, पण या नावाखाली तीन वेगळ्या दुनिया आहेत. म्हणून एका माणसाला घरी पाठवा, डबा, पुडी, ट्यूब जे असेल त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. शब्दांवर जाऊ नका.

घाम, लाळ, बारीक बाहुल्या, छातीत घरघर, कपड्यांना वास: कीटकनाशक. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, ग्लोव्ह्ज घाला. अ‍ॅट्रोपिनची अ‍ॅम्प्युल ०.६ मिलिग्रॅमची असते, एका अ‍ॅम्प्युलने काही होत नाही, तीन-चारपासून सुरू करून दर पाच मिनिटांनी डबल. थांबायचं कधी? छाती कोरडी झाली, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचं नसतं, ही चूक दर बॅचला होते.

धान्यात ठेवायच्या गोळ्या, तोंडाला लसणीसारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास: फॉस्फाइड. अँटिडोट नाही. पाण्याने पोट धुवू नका, पाण्याबरोबर गॅस आणखी सुटतो. खिडक्या उघडा. हा पेशंट बीपी लागत नसताना शांतपणे बोलत असतो, ‘बरा दिसतोय’ असं नातेवाइकांना चुकूनही सांगू नका.

ट्यूबमधली उंदीर मारायची पेस्ट, पिवळा फॉस्फरस: ही सगळ्यात फसवी. पहिल्या दिवशी थोडी उलटी, रिपोर्ट नॉर्मल, नातेवाईक म्हणतात घरी नेतो, सही करतो. दोन-तीन दिवसांनी कावीळ, रक्त गोठणं बंद, लिव्हर खलास. रिपोर्ट नॉर्मल असतानाच दाखल करा, रोज आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) करा, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन सुरू करा आणि लिव्हर ट्रान्सप्लांटवाल्या हॉस्पिटलशी लवकर बोला. मी एका मुलीच्या वडिलांना समजावण्यात पाऊण तास घालवला होता, शेवटी सही न करता ते खाली बसून राहिले. तो पाऊण तास मला कधीच वाया गेला असं वाटलं नाही.

आणि दारू. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. मिथेनॉलची लक्षणं यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात, तोपर्यंत सगळे हँगओव्हर समजतात. ‘धूसर दिसतंय’, ‘धुकं आलंय’ असं म्हणाला आणि श्वास खोल जोरात चाललाय तर एबीजी (धमनीतल्या रक्ताची वायू आणि आम्लाची तपासणी) करा. अ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल वाढलेलं) असेल तर बायकार्ब, इथेनॉल किंवा मिळालं तर फोमेपिझोल, फॉलिनिक अ‍ॅसिड, डायलिसिस. आणि लगेच विचारा, सोबत अजून कोण कोण प्यायलं होतं? ते घरी झोपलेत, त्यांनाही उठवून आणायला सांगा.

७. पावसाळा: ताप, पोटऱ्या आणि थुंकीत रक्त

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर लेप्टोने (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) जे केलं ते आमचे सर अजून सांगतात. आता दरवर्षी पाणी साचलं की महापालिका डॉक्सीसायक्लिन घ्या म्हणून सांगते, लोक घेत नाहीत ते वेगळं.

पोटऱ्या दाबल्या की किंचाळतो, डोळे लाल पण चिपडं नाहीत, डोळ्यांत पिवळी झाक, लघवी कमी. किडनी बिघडलेली असूनही पोटॅशियम कमी किंवा नॉर्मल आलं तर आणखीच शंका घ्या. सापळा मुंबईचा खास: थुंकीत रक्त म्हणजे टीबी असं समजून मास्क लावून बाकड्यावर बसवतात. तीन दिवसांच्या तापात दम आणि रक्ताची थुंकी म्हणजे लेप्टोने फुप्फुसात रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो आणि हा पेशंट काही तासांत बुडतो. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन किंवा पेनिसिलिन लगेच, टेस्टच्या रिपोर्टआधी, आणि आयसीयूला फोन. मलेरिया, डेंग्यूची टेस्ट सोबत पाठवाच, दोन आजार एकत्र येतात.

८. पटकन काही

छातीत दुखणं अधिक दुसरं काहीतरी (एक पाय बधिर, बोलणं अडखळतंय, पाठीत फाटल्यासारखं): दोन्ही हातांचं बीपी घ्या. वीसच्या वर फरक असेल तर महाधमनी चिरलेली असू शकते, अशा वेळी हेपरिन (रक्त पातळ करणारं औषध) किंवा गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर माणूस आपल्या हाताने जातो. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून सोडू नका. आधी लॅबेटॅलॉल किंवा एस्मोलॉलने नाडी साठच्या आसपास, मग बीपी, मग सीटी अँजिओ.

पाळी येणाऱ्या वयाची बाई, पोटदुखी किंवा चक्कर: प्रेग्नन्सी कार्ड. ‘लग्न नाही झालं’, ‘ऑपरेशन झालंय’ असं सासू सांगते, कार्ड तरीही करा.

बाळंतीण, आठ-पंधरा दिवस झालेले, डोकेदुखी आणि मग फिट: मेंदूच्या शिरेत गुठळी. साधा सीटी नॉर्मल येऊ शकतो, व्हेनोग्राम (शिरांचा स्कॅन) मागा. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं असं अजून घराघरात चालतं, ते विचारा. सीटीत थोडं रक्त दिसलं तरी इथे हेपरिनच देतात, त्यामुळे न्यूरोवाल्यांशी बोलल्याशिवाय ‘ब्रेन हॅमरेज’ लिहून मोकळं होऊ नका.

उन्हातून आलेला, ताप चाळीसच्या वर, बडबडतोय: उष्माघात. पॅरासिटामॉलने काही होत नाही. मुंबईच्या दमट हवेत नुसता पंखा आणि ओला कपडा पुरत नाही, बर्फ मागवा, समोरच्या सरबतवाल्याकडून सुद्धा, अर्ध्या तासात ताप उतरला पाहिजे.

गटारात उतरलेला (आत विषारी गॅस असतो) आणि त्याला काढायला गेलेले: सगळे पेशंट आहेत, ‘मी ठीक आहे’ म्हणणाराही. ऑक्सिजन लावा, ओले कपडे काढून बाहेर ठेवा.

चौपाटीवर पाकट मासा लागला (२०१३ च्या विसर्जनाला गिरगावात बरेच जण असे जखमी झाले होते): पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास, पाणी आधी स्वतःच्या हाताने बघा. मग काट्याचा तुकडा आत राहिलाय का त्यासाठी एक्स-रे.

९. कागद, कॉल आणि रेफर

केस पेपर, एमएलसी (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसेस) रजिस्टर, विषबाधेत पोटातल्या द्रवाची सीलबंद बाटली आणि ती घेणाऱ्या हवालदाराची सही, संमतीपत्र, दिलेल्या प्रत्येक औषधाची वेळ. विषबाधा, जळणं, रेल्वे अपघात, मारामारी हे एमएलसी, आमच्याकडे सर्पदंशही. पण क्रम उलटा करू नका. पोलीस येईपर्यंत हात लावणार नाही हे चालत नाही, १९८९ च्या परमानंद कटारा निकालात सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय.

कॉल लावताना ‘सर, एक पेशंट आहे’ असं सुरू करू नका, समोरचा तोपर्यंत झोपतो. पहिल्या वाक्यात काय हवंय ते: ‘सर, मण्यारीचा पेशंट आहे, मान उचलत नाही, ट्यूब टाकायला या.’ कॉल केलेली वेळ पेपरवर लिहा.

रेफर करायचं असेल तर आधी तिकडच्या डॉक्टरशी बोला, बेड आहे का विचारा, हो म्हणणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहा. आम्ही एकदा १०८ मध्ये पेशंट घालून निघालो, पोचल्यावर कळलं व्हेंटिलेटर नाही, आणि हायवेवरून परत येताना सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात. अँब्यू (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत दाबत आलो. तेव्हापासून मी सिलिंडर गाडीत चढवायच्या आधी उघडून काटा स्वतः बघते आणि रस्त्याला लागेल त्याच्या दुप्पट वेळ धरते, संध्याकाळी तिप्पट.

चिठ्ठीत तुम्हीही निदान लिहिणारच. खात्री नसेल तर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका आणि काय दिसलं ते साध्या शब्दांत लिहा: ‘पापण्या झाकतायत, चटईवर झोपला होता’.

सकाळी आठला हॅन्डओव्हर देताना चहाच्या टेबलावर बसून बेड नंबर वाचून दाखवू नका. पुढच्या शिफ्टवाल्याला प्रत्येक बेडपाशी न्या, पांघरूण बाजूला करा. तो जांभया देत असेल. तरी न्या.